बाहेरून कुलूप

पस्तीस वर्षं मी सरकारी फायलींवर ‘तपासले, योग्य आढळले’ असं न तपासता लिहीत आलो. निवृत्तीनंतर वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची विचारपूस करणाऱ्या एका संस्थेत गेलो, तेव्हा ही कला सोबत घेऊनच गेलो. प्रशिक्षणात एक गोष्ट तीनतीनदा बजावली होती: वृद्धाशी एकट्यानं बोला, घरच्यांसमोर नाही. मी ती वहीत लाल शाईनं लिहिली आणि वही घरी ठेवली.

दिल्लीतल्या द्वारकेत, सातव्या मजल्यावरच्या एका घरी नियम पाळायचा म्हणजे उद्धटपणाच वाटायचा. मराठी घर, आपली माणसं. ताई शहात्तरच्या, मुलगा गुरुग्रामला नोकरीला, माझ्या पायाही पडायचा. मी विचारायचो, “ताई, कशा आहात?” मुलगा सांगायचा, “एकदम मस्त, काका. आईला काही टेन्शनच नाही.” मी संस्थेच्या कागदावर ‘समाधानी’पुढे खूण करून पोहे खायचो. महिन्याला एक, अशा चार भेटी, चार खुणा.

पाचव्या भेटीत मी हात धुवायला आत गेलो. मुलाची कॅब आली होती, कानात फोन होता. मी गेलो असं समजून तो घाईनं निघाला. बाहेर आलो तर जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप.

“अहो ताई, मी आत आहे हे सांगायचं ना त्याला!”

“मुद्दामच नाही सांगितलं,” ताई म्हणाल्या. “बसा.”

मी फोन लावला. “अरे यार, सॉरी काका! मीटिंग आहे हो. पाचपर्यंत बसा ना, आईला कंपनी होईल.”

तेव्हा साडेदहा वाजले होते. तासाभरात मी जाळीला चार वेळा हात लावून आलो, जणू मधल्या वेळात ती विरघळली असेल. ताई मटार सोलत होत्या.

“रोज असंच?”

“मागं एकदा खाली गेले आणि टॉवर चुकले. सगळे सारखेच दिसतात. त्या दिवसापासून असंच. तो वाईट नाही हो, घाबरतो.” मग मटार सोलता सोलताच त्या म्हणाल्या, “गेल्या महिन्यात खालच्या घरात काही जळालं. धूर वर आला. नाकाला ओला टॉवेल लावून इथंच बसले. किल्ली एकच, ती त्याच्या खिशात. त्याला सांगितलं नाही; सांगितलं असतं तर गॅसही बंद केला असता.”

मी पाचव्यांदा जाळीला हात लावून आलो.

“तुम्ही कागदावर माझ्याबद्दल काय लिहिता?”

लपवण्यासारखं बरंच होतं, पण पळायला दार नव्हतं. मी कागद पुढे केले. त्यांनी चष्मा लावून चारही वाचले.

“समाधानी,” त्या म्हणाल्या. “अच्छा. मला विचारलं असतंत तर बरं झालं असतं.”

मग मी विचारलं. चार महिने उशिरा. तक्रार त्यांना नको होती, मुलाला कोणी दटावायलाही नको होतं. फक्त एक किल्ली हवी होती. आणि धुराचं मुलाला मी नाही, त्याच सांगणार होत्या.

साडेपाचला दार उघडलं आणि मी काय केलं? “चलो, येतो हं!” म्हणून थेट लिफ्टमध्ये. तळमजल्यावर उतरल्यावर कळलं, सुटका झाली ती एकट्या माझी. पुन्हा वर गेलो, घंटी वाजवली.

“काही विसरलात, काका?”

“हो. ताईंना तुझ्याशी बोलायचंय. मी बसतो फक्त.”

ताई बोलल्या. मुलगा आधी हसला, मग चिडला. “काका, तुम्ही भडकवलंत तिला. आणि ती हरवली तर? तुम्ही शोधणार?” पण धुराचं ऐकल्यावर त्यानं खिशातून किल्ली काढली. ती हातात फिरवत बसला, मग ती टीपॉयवर ठेवली. ताईंनी ती उचलली, चपला घातल्या, मला बाहेर घेतलं आणि जाळी ओढून कुलूप दाबलं.

“आई! काय करतेयस?”

“पाच मिनिटं बस.”

“ताई, हे बरोबर नाही,” मी म्हणालो. “उघडा.”

“पाच मिनिटं,” त्या म्हणाल्या. आत मुलगा जाळीला धरून उभा होता. बाहेर जिन्याच्या पायरीवर त्या बसल्या, किल्ली मुठीत धरून. आणि मी मधे, घड्याळाकडे बघत, कुणाच्या बाजूनं बोलावं ते न कळून.