आबांनी खोचायला लावलेला पदर

त्या दिवशी मी शेतातून येऊन हातपाय धूत होते, तेवढ्यात थोरल्या जाऊबाईंची हाक आली. आबा जेवून बाजेवर आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत. आबा म्हणजे माझे भासरे, मालकांचे थोरले भाऊ. अंगण माणसांनी भरलं, रडारड झाली... अन् माझ्या मनात एकच, कोमलला कसं कळवायचं. माझी लेक गंगाखेडला नर्सिंग शिकते. सकाळीच स्कूटी घेऊन गेलेली. आबांवर तिचा फार जीव. ऐकल्याबरोबर ती रडत गाडी काढील, अन् रस्ता तर उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला.

ती गाडी तिला आबांनीच शिकवली होती. त्यांचा सगळा जन्म ट्रक चालवण्यात गेला. कोमल दहावीत होती तेव्हा गावातली पोरं बापाच्या मोटारसायकली घेऊन तिघं तिघं बसून पळवायची. हिनंही हट्ट धरला. आबा म्हणाले, "आठरा पुरे होऊ दे, लायसन निघू दे. तवर माझ्या मागं बसून रस्ता बघ." मग राणीसावरगावला बाजाराला जाताना ते तिला आपल्या मोटारसायकलवर मागं बसवायचे अन् विचारायचे, "बोल, पुढं काय दिसायलंय?"

"म्हैस."

"अन् म्हशीच्या मागं?"

"काई न्हाई."

"काई न्हाई कसं? म्हैस हाय तिथं रेडकू असंल, न्हाईतर राखणारं पोरगं. ते निघालं की मग बघणार का?"

घरी येऊन कोमल कुरकुर करायची, "आबा गाडी शिकवायलेत का म्हशी राखायला?" जाऊबाई म्हणायच्या, "दोन्ही शिकून ठेव, नौकरी न्हाई लागली तर म्हशी हायतच."

आबा माझ्याशी कधी बोलत नसत. भासऱ्यासमोर भावजयीनं डोक्यावर पदर घ्यायचा, समोरासमोर बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मी चुलीपाशी दोन हातांवर असले तरी ते लिंबाच्या झाडाकडं बघून म्हणायचे, "कोमल, तुझ्या आईला म्हणाव चहा टाक." अन् मी तोवर टाकलेला असायचा.

कोमलला शिकाऊ लायसन मिळालं, तेव्हा गावाबाहेरच्या माळावर शिकवणी सुरू झाली. ती नीट चालवू लागली, पक्कं लायसन निघालं, तेव्हा आबांनी तिथल्याही एका झाडालाच सांगितलं की आता हिची आई मागं बसंल, आई मागं असली की लेकरू बेतानं चालवतं. मी लाजत बसले. समोर भासरे उभे, म्हणून पदर पार कपाळापर्यंत ओढलेला. गाडी हलली तसा वारा लागला अन् पदराचं टोक मागच्या चाकाकडं गेलं. मला ते कळलंही नाही, कारण माझं सगळं ध्यान डोक्यावरच्या पदरात होतं.

"सुमन, पदर!"

आबांनी माझं नाव घेऊन हाक मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कोमलनं गाडी थांबवली. मला वर बघवेना. आबा जवळ आले अन् स्वतःचं हेल्मेट काढून माझ्यापुढं धरलं. "हे घाल. डोस्क्यावर हेल्मेट आलं तिथं पदर आलाच समज. राहिलेला कमरंला खोच, मग बस."

गावभर ते झालं. जाऊबाई हसून म्हणाल्या, "भासऱ्यानं जन्मात एक शब्द काढला, तो बी पदरावर." मला मात्र त्या दिवशी फार हलकं वाटलं.

एकदा कोमलचं बापाशी भांडण झालं. ती रडत रडतच गाडी काढू लागली. आबांनी हात पुढं केला, "चावी दे." ती म्हणाली, तास बुडंल. "बुडू दे. डोळ्यात पाणी असलं की रस्ता दिसत न्हाई. रडू आलं, राग आला, की चावी दुसऱ्याच्या हातात द्यायची." त्या दिवशी तिचा तास बुडाला.

...तर मालकांनी कोमलला फोन लावून माझ्याकडं दिला. मी सांगितलं. मग म्हणाली, "आई, गाडीची चावी मैत्रिणीपाशी दिली. मी जीपनं येते. उशीर होईल."

फोन मालकांकडं देऊन मी आत जाऊबाईंना ते सांगितलं.

पण जीप भरल्याशिवाय निघत नाही, अन् दिवस मावळायच्या आत उचलायचं होतं. माणसं चुळबुळ करू लागली. कुणी म्हणालं, "पोरगी गाडीवर आली असती तर एव्हाना पोचली असती." मालकही म्हणाले, "सोयरे खोळंबलेत, किती थांबायचं?" मी पुरुष माणसांसमोर कधी तोंड उघडलेलं नाही. कसं कोण जाणे, उभी राहिले अन् म्हणाले, "आबांनीच तिला तसं शिकवलंय. ती आल्याबिगर उचलायचं न्हाई." तेव्हा जाऊबाई आतून म्हणाल्या, "थांबा. तेंनी तिला कधी घाई केली न्हाई."

ऊन बाभळीच्या शेंड्यावर गेलं होतं, तेव्हा कोमल आली. आबांच्या पायावर डोकं ठेवून ती पोटभर रडली.

आबांचं हेल्मेट खुंटीलाच होतं. तेराव्याचं दिवसपाणी झाल्यावर जाऊबाईंनी ते पुसून माझ्या हातात दिलं. मला ते थोडं मोठं होतं, पट्टा आवळून घ्यावा लागतो. परवा बाजाराला निघालो, तेव्हा मी पदर खोचला, हेल्मेट घातलं अन् कोमलच्या मागं बसले. गाव मागं पडलं. मग मीच विचारलं, "बोल, पुढं काय दिसायलंय?"

गाडी तिनं बाजूला घेऊन उभी केली, चावी काढून मागं माझ्या हातात दिली अन् डोळे पुसले. आम्ही तिथंच थोडा वेळ थांबलो. मग तिनं चावी मागून घेतली.

"बैलगाडी," ती म्हणाली. "अन् तिच्या मागं वासरू हाय."