दादाचा व्हॉल्व्हवाला अँप

पाथर्डीत माझं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, पण घरातलं काही बिघडलं की माझं डोकं तापतं. गिऱ्हाइकाची वस्तू नुसती बिघडते; घरची मुद्दाम छळायला बिघडते, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दिवशी छळायची पाळी थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, गिटारच्या अँपची होती.

अँप म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका. हा जुना, व्हॉल्व्हचा. नगरचा एक ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा दादानं तो आणला. आतले काचेचे व्हॉल्व्ह तापले, की गिटारचा असा गोड, भरदार आवाज येतो, की माझ्यासारखा बडबड्याही गप्प बसतो. दसरा नुकताच झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी टोळीचा ट्रक येणार आणि दादा-वहिनी ऊसतोडीला जाणार, ते उन्हाळ्यातच परतणार. फडात गिटार नेता येत नाही. म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी पोटभर वाजवायचं, हा त्याचा नेम. आणि अँप नेमका तेव्हाच खरखरत होता. मधेच आवाज पातळ व्हायचा, मधेच गुडूप.

"जमंल का रं?" दादा सारखा विचारत होता.

"जमंल. तू उगी बस," मी खेकसलो.

आधी मी विजेला शिव्या घातल्या. शेतीपंप सुरू झाले की आमच्याकडे दिवे मिणमिणतात. पण मीटर लावला, तर व्होल्टेज ठणठणीत. मग वायर बदलली, आवाजाचं बटण साफ केलं. खरखर तशीच. शेवटी अँप चालू ठेवून लाकडी पेन्सिलीनं एकेका व्हॉल्व्हला हलकेच टिचकी मारत गेलो. कडेच्या छोट्या व्हॉल्व्हला पेन्सिल लागली आणि स्पीकर ताडकन कडाडला. सापडला चोर!

प्लग काढला, आत साठलेली वीज उतरू दिली, व्हॉल्व्ह गार झाल्यावर उपटला. त्याच्या पिना लालभडक. वाकून सॉकेटमध्ये पाहतो, तर हळदीकुंकवाचा वाळलेला लगदा आणि त्यात अक्षतेचा एक दाणा! दसऱ्याला आपण अवजारं पुजतो. कुणीतरी मागच्या जाळीतून अँपलाही पुजलं होतं, तेही पाणी शिंपडून, सढळ हातानं. मला हसावं की रडावं कळेना. स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन सगळं घासून काढलं, वाळवलं, व्हॉल्व्ह परत बसवला. दादानं तार छेडली. तोच गोड, भरदार आवाज. मला फार बरं वाटलं. दादाचा चेहरा तर पार उजळला.

घरातली पूजा वहिनींचीच असते. त्या शेजारीच बोचकी बांधत होत्या. मी त्यांना चिडवलं, "वहिनी, कोयत्याला तरी एवढं कुंकू लावलं हुतं का तुमी?"

त्या ओशाळल्या. "कोयत्याला बोटभरच लावलं, भाऊजी. त्यो काय, संगंच येतो. ह्यो एकलाच मागं ऱ्हातो. आन् ह्यांचा सगळा जीव ह्याच्यात. म्हनून जरा जास्ती लावलं."

दादाचा हात तारांवरच थांबला. इतकी वर्षं तो स्वतःला आवडेल ते वाजवायचा आणि आम्ही ऐकायचो. त्यानं गिटार मांडीवर नीट घेतली आणि वहिनींना म्हणाला, "ऱ्हाऊ दे ते बोचकं. हितं बस. तुला काय ऐकायचंय, ते सांग."