अक्काच्या ओट्यावरची मिश्री

अक्का मिश्री भाजायला बसली की गल्लीच्या तोंडाशीच कळायचं. तव्यावर काळी तंबाखू चढली की तो कडू धूर घशात शिरतो आणि खोकून खोकून जीव जातो. मी कोल्हारहून तिच्याकडे जायचे, तेव्हा नाकाला पदर लावूनच घरात पाऊल टाकायचे. तिला मात्र काहीच व्हायचं नाही. तंबाखू करपायच्या आधी तवा कधी उतरवायचा, हे तिच्या हाताला बरोबर कळायचं. मग गार करून चुरायची, फडक्यातून गाळायची आणि डब्यात भरायची. नेवाशाकडच्या त्या गावात तिच्या मिश्रीचं नाव होतं. सकाळी गल्लीतल्या बायका तिच्या ओट्यावर यायच्या, तळहातावर मिश्री घ्यायच्या आणि दातांवरून बोट फिरवत बसून राहायच्या. सुनेची गाऱ्हाणी, सासूची गाऱ्हाणी, कुणाची म्हैस आटली, सगळं तिथंच.

अक्का माझी थोरली बहीण. मेव्हणे शिर्डीला एका हॉटेलात आचारी होते. त्यांचं शेवटचं दुखणं एचआयव्हीचं निघालं, आणि ते गेल्यावर अक्काला तपासलं तर तिलाही तेच. मूलबाळ नव्हतं. गावात असली गोष्ट लपून राहते होय? बायकांनी तिच्या घरचं पाणी बंद केलं, चहा बंद केला. तोंडावर कुणी काही बोललं नाही. ‘आत्ताच पिऊन आले बाई’, एवढंच. मिश्री मात्र घेतच राहिल्या. का, तर ती विस्तवावर भाजलेली! शेजारच्या म्हातारीचा गल्लीत शब्द चालायचा, तिनंच निकाल दिला होता, “जाळातनं निघाल्याला काय हुतंय? घ्या गं.”

हे ऐकलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. चहा काय उन्हात उकळतात का गं सटव्यांनो, असं अगदी ओठावर आलं होतं. पण अक्कानं मागून माझा दंड दाबला. तिच्या दारात माणसं येत होती, तेवढं तिला बास होतं. ती उलट जास्तच मिश्री भाजायला लागली.

औषधांच्या बाबतीत ती पक्की होती. दर महिन्याला आम्ही दोघी एसटीनं नगरच्या सरकारी दवाखान्यात जायचो. गोळ्या तिनं कधी चुकवल्या नाहीत. अंगावर मांस आलं, शेतात खुरपायला जायला लागली. तिथली सिस्टर तिला म्हणायची, “मावशी, तुम्ही अशाच गोळ्या घेत राहिलात तर काठी टेकत याल इथं म्हातारपणी.” तंबाखू खाता का, असं तिथं दर खेपेला विचारायचे. अक्का ठणकावून सांगायची, “न्हाई बाई, आपल्याला कसलं येसन न्हाई.” आणि ती खोटं बोलत नव्हती हो. आमच्याकडे तंबाखू खातात ते पुरुष, चुना लावून, मळून. बायका दात घासतात. मिश्रीला व्यसन म्हणायचं हे तिच्या मनात आलं नाही, माझ्याही आलं नाही.

एकदा जेवायला बसलो तर ती भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. मिरचीच्या ठेच्याशिवाय जिच्या घशाखाली घास उतरत नसे, ती दूध-भाकरी खाते म्हणजे काय? मी खोदून विचारलं तर म्हणाली, “गोळ्यांची गरमी हाय. तोंड सोललंय.” गालाच्या आत पांढरा चट्टा होता. त्याची आग व्हायला लागली की ती तिथं मिश्रीच दाबून धरायची. त्यानं बधिर व्हायचं म्हणे. वर मला सांगते, “दोन-चार दिस गोळ्या बंद ठिवते, आपोआप बरं हुईल.” मी तिला तसंच उठवलं आणि नगरला नेलं.

तिथं डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून तोंड बघितलं आणि तंबाखूचं विचारलं. अक्का नेहमीसारखी नाही म्हणाली. बाईंनी तिच्या काळ्या दातांकडे बघून विचारलं, “मग मिश्री?”

“ती लावते की.”

“अहो मावशी, ती तंबाखूच.”

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. हा चट्टा गोळ्यांनी आलेला नाही, मिश्रीनं आलाय. अंगात हा रोग असला की तोंडातलं असं दुखणं लवकर बिघडतं. तुकडा काढून तपासायला पाठवला, आठवड्यानं रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा कळलं, अजून कॅन्सर झालेला नव्हता. “आज सोडलीत तर आशा आहे,” त्या म्हणाल्या. “गोळ्या मात्र एक दिवसही सोडायच्या नाहीत.” परत येताना अक्कानं कमरेची मिश्रीची डबी काढली आणि एसटीच्या खिडकीतून फेकून दिली. मला इतकं बरं वाटलं की मी तिला घोडेगावला गरम भजी खाऊ घालायला निघाले होते. तिला तिखट चालत नाही हे विसरूनच गेले.

तिनं खरोखर सोडली. तवा घासून पालथा घातला. बायका आल्या, थोडा वेळ बसल्या, आणि मग दुसऱ्या एकीच्या ओट्यावर जायला लागल्या. त्या दुसरीची मिश्री करपट असायची, तरी गेल्या. मी फोन केला की अक्का आधी तेच सांगायची, “आज बी कुनी आलं न्हाई.” माझ्याकडे ये म्हटलं तर म्हणाली, “तुझी सासू माझी ताटवाटी येगळी ठिवील. हितं निदान माझं घर तरी हाय.” सासू तसंच करणार होती.

पुढे एकदा मी न कळवता सकाळच्या गाडीनं गेले. गल्लीच्या तोंडाशीच खोकला आला.

ओट्यावर सगळ्या बसल्या होत्या. म्हातारी मधोमध. अक्का तळहातावर मिश्री वाटत होती, आणि तिचं स्वतःचं बोटही काळं होतं. मी बायकांना हाकलून लावलं. तोंडाला येईल ते बोलले. त्या गेल्यावर अक्का माझ्यावरच उखडली.

“तुला काय जातंय बोलायला? तुझ्या घरात धा मानसं हायेत.”

“अगं, मरशील अशानं!”

“त्या पांढऱ्या डागानं मरायला येळ लागंल. हितं मी रोज भिताडाशी बोलत हुते.”

“भाजून दे त्यांना हवं तर. तू कशाला लावतेस?”

“निस्ती वाटत बसले की त्या इचारत्यात, का गं, तुला का चालत न्हाई? बिमारी वाढली का? मग मी बी लावते.”

मी रडले, पाया पडले, शपथा घातल्या. दर वेळी ती हो म्हणायची आणि दर वेळी तिचं बोट काळंच दिसायचं. पुढे चट्ट्याची गाठ झाली. ऑपरेशनमध्ये अर्धा जबडा काढला. एचआयव्हीचे रिपोर्ट शेवटपर्यंत चांगले येत होते, याचा मला अजून राग येतो. ज्या रोगाला सगळे भ्यायले, तो केव्हाच आटोक्यात होता.

ती उन्हाळ्यात गेली. बायका आल्या. खोटं कशाला बोलू, त्या खरंच रडत होत्या, म्हातारी तर ऊर बडवून. आमच्यात बाई गेली की गल्लीतल्या बायकाच आंघोळ घालतात. पाणी तापलं. मी म्हटलं, “या, धरा.” एकही उठली नाही.

म्हातारीनं डोळे पुसले. “तूच घाल गं बाई,” ती म्हणाली. “पानी अंगावर उडतंय.”

मग मी आणि माझ्या मुलीनं अक्काला आंघोळ घातली. मुलीनं आजवर कुणाला लुगडं नेसवलं नव्हतं. निऱ्या कुठं खोचायच्या, पदर कसा घ्यायचा, ते बायका दाराबाहेर उभ्या राहून तिला सांगत होत्या.