थापांच्या दंडातून फिटलेला हप्ता

मस्तगडातल्या आमच्या घरावर आम्ही कर्ज काढून खोली बांधली आणि तिच्याच भाड्यातून हप्ते फेडत आलो. नेमका शेवटच्या हप्त्याला भाडेकरू खोली सोडून गेला. हजार रुपये कमी पडले आणि मला भर दुपारी अख्खं नक्षत्रमंडळ दिसलं! बायकोनं मात्र पिठाच्या डब्यामागून बरणी काढली. मी थाप मारली की ती दहा रुपये दंड घ्यायची, तो सगळा त्यात होता. हप्ता भरून वर जिलबीपुरते उरले!

बँकेतून मी नाचतच बाहेर पडलो. "पाह्यलंस? मॅनेजर उठून मला सलाम करून राह्यल्ता!"

तिनं हात पुढं केला. "काढा दहा रुपये. जल्दी."