शेपटीवालीची वाट

पिंपरीच्या नव्या कारखान्यात यंत्रं बसवायला नॉर्वेचा एक साहेब आला होता. मी त्याच्या हाताखाली फिटर. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं.

एकदा घरून आलेलं वर्तमानपत्र फडकवत त्याने सांगितलं, की त्याच्या देशात एक सिनेमा तयार होतोय. बर्फातलं रान, जुने देव आणि त्या रानातली एक देखणी बाई. पुढून अप्सरा, मागे गाईचं शेपूट. तिच्यामागे गेलेला माणूस परत येत नाही. सिनेमा पुरा झाला की रिळांची पेटी बोटीने मागवायची आणि कारखान्याच्या आवारात पडदा लावून दाखवायची, असा त्याचा बेत होता. घरच्या बायकांनाही आणा, म्हणाला.

शनिवारी सायकल हाणत चाकणजवळच्या आमच्या गावी गेलो आणि बातमी पाचपट करून सांगितली. ऐकणाऱ्याला वाटावं, सिनेमा मीच काढतोय.

वहिनी भाकरी थापता थापता थांबली. तिने जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. चाकणला तंबू लागायचा, पण आमच्या घरचा कायदा असा, की बायकांनी देवाचाच सिनेमा पाहायचा. आणि देवाचा सिनेमा लागला की घरात नेमकी सुगी तरी असायची, नाहीतर कोणाचं बाळंतपण.

"भाऊजी, ह्यो देवाचा हाय का भुताचा?"

"देवाचा," मी ठोकून दिलं.

पण शेपटाची गोष्ट तोवर दादाच्या कानी गेली होती. "देवाला कुठं शेपूट असतंय व्हय? भुताच्या शिनेमाला आमच्या घरची बाई जायची न्हाई!" हे तो मारुतीच्या देवळाच्या पायरीवर बसून म्हणत होता, पण ते त्याला दाखवून देण्याची माझी छाती नव्हती.

तोड वहिनीनेच काढली. "ती खाती काय, इचारा सायबाला."

विचारलं. साहेब जरा ओशाळला. पूर्वी आमचे शेतकरी असल्यांसाठी लापशी ठेवायचे, म्हणाला, आता कोणी ठेवत नाही. हे ऐकून वहिनीला खरंच वाईट वाटलं. "म्हंजे उपाशी हाय ती. म्हून माणसं धरती."

मग तिने दादाला गाठलं. आपला म्हसोबा तरी आधी कोण होता? शिवेवर जागा दिली, शेंदूर लावला, निवद दाखवला, तेव्हा देव झाला. हिलाही बसवू. दादा नाही म्हणणार कसा? त्याच म्हसोबापुढे तो दर पेरणीला नारळ फोडत होता.

अवसेच्या दुपारी शिवेवरच्या बाभळीखाली एक दगड बसला. शेंदूर, हळदकुंकू, दहीभात. थंड मुलखातली म्हणून वहिनीने तिच्यावर घोंगडीचा तुकडाही पांघरला. उन्हाळा होता, पण पाहुणीचं करायचं म्हणजे करायचं. बायका पाया पडल्या. एका दुपारीत नॉर्वेच्या हडळीची देवी झाली आणि दादाने पिंपरीपर्यंत बैलगाडी जुंपायचं कबूल केलं. वहिनीने एक हिरवं लुगडं सिनेमासाठी म्हणून घडी करून ठेवलं. भाचीच्या लग्नातसुद्धा ती ते नेसली नाही.

मी गेलो की ती दारातच विचारायची, "पेटी निघाली का?" पेटी कधी निघत होती, कधी बोटीत होती, कधी मुंबईच्या गोदीत. यातलं साहेब सांगायचा ते थोडं, मी रचायचो ते जास्त. चार अवसा गेल्या. यंत्रं सुरू झाली, साहेबाचं काम संपलं. निघताना माझा हात हातात धरून तो म्हणाला, सिनेमा पुरा झालाच नाही, काढणाऱ्यांनी मध्येच सोडून दिला. हे त्याला कधीच कळलं होतं, पण मला सांगायची लाज वाटली होती. मी तरी त्याला काय बोलणार? आम्ही दोघं एकाच माळेचे मणी.

त्या आठवड्यात मी मोशीपासून गावापर्यंत सायकलवर शब्द जुळवत गेलो. अवस होती. वहिनी शिवेवरच भेटली, पानावर दहीभात वाढत. मी सगळं सांगितलं, बोट आणि गोदी माझ्याच पदरची होती हेसुद्धा. मला वाटलं, आता चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने पान दगडापुढे सरकवलं.

"आता हे कशाला, वहिनी?"

"ती तरी आली न्हवं एवढ्या लांबून? आपलं जाणं झालं न्हाई, म्हून तिला उपाशी ठिवायची व्हय?"

पुढच्या अवसेला ती ते हिरवं लुगडं नेसून निवद घेऊन गेली.