कढीपत्त्याची कुंडी

फोडणीत कढीपत्ता तडतडला, की मला न्यूझीलंडमधल्या हॉर्नबीतल्या आमच्या घरामागचा लाकडी डेक आठवतो. वीसेक वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये फिजीत आठ दिवस उन्हात लोळून आम्ही सकाळी घरी परतलो, तेव्हा माझ्या पायांत अजून वाळू लागलेल्या जँडल्सच, म्हणजे रबरी चपला होत्या आणि इथल्या ऐन हिवाळ्यात गवत दव गोठून पांढरं झालं होतं. डेकवर बायकोची कढीपत्त्याची कुंडी होती, सगळी पानं काळी पडून माना टाकलेली. तिने ते झाड बीपासून सात वर्षं वाढवलं होतं, दर हिवाळ्यात घरात घेऊन. शेजारची सांगलीची मुलगी, हॉस्पिटलात नर्स होती, किल्ली परत द्यायला आली. "कुंडी बाहेर का काढलीस गं?" "काकू, ती बाहेरच होती. मी नुसतं पाणी घालत होते." "म्हणजे मी खोटं बोलते? मी स्वतः आत ठेवली होती!" मुलीने माझ्याकडे पाहिलं. निघताना दारातून बॅगा निघेनात, म्हणून मीच कुंडी बाहेर सरकवली होती आणि परत आत घ्यायला विसरलो होतो. पण मी एवढंच म्हणालो, "जाऊ दे, थंडी फार आहे." ती किल्ली ठेवून गेली आणि पुन्हा कधी आमच्याकडे आली नाही. काल मी बायकोला खरं सांगितलं. तिने गॅस बंद केला, फोनमध्ये जपून ठेवलेला त्या मुलीचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "मला काय सांगता? तिला सांगा." माझं "हॅलो" ऐकून पलीकडून "काका?" ऐकू आलं, तेव्हा मी हवापाण्याचं काही न बोलता म्हणालो, "कुंडी मी बाहेर काढली होती."