बापूसाहेबांचा वजिफा

रेणुकादासाचा जगावर विश्वास नव्हता, आणि त्याला कारणही होतं. बिलोलीहून नांदेडला शिकायला आला तेव्हा तो वार लावून जेवायचा, म्हणजे रोज वेगळ्या घरी पान. सोमवारच्या घरी विहिरीचं पाणी शेंदावं लागे, मंगळवारच्या घरी आजोबांचे पाय चेपावे लागत, आणि गुरुवारच्या काकू वाढता वाढता बुधवारच्या घरातल्या सगळ्या बातम्या काढून घेत. फुकट कुणी जेवू घालत नाही हे तो असा शिकला. पुढे मास्तरकी मिळाली, गोष्टी लिहू लागला, दोन छापूनही आल्या, तरी ही खोड काही गेली नाही.

लढाईची वर्षं होती. कागद मिळत नव्हता, सभेला सरकारची इजाजत लागे, आणि पारावर चार माणसं मोठ्यानं हसली तरी अमीन, म्हणजे ठाण्याचा फौजदार, चौकशीला येई. अशा दिवसांत नांदेडच्या बापूसाहेब वकिलांनी नव्या कथालेखकाला वजिफा जाहीर केला. उन्हाळ्याच्या सुट्टीभर त्यांच्या माडीवरची खोली, दोन वेळचं जेवण, हवा तेवढा कागद. अट एकच: दर शनिवारी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायचं. तरुणपणी ते स्वतः लिहीत असत, आणि हात धरून शिकवणारं कुणी न भेटल्यानं ते सुटलं, ही त्यांची खंत होती. पहिल्याच वर्षी त्यांनी रेणुकादासाला निवडलं.

दुसरा कुणी असता तर पेढे वाटत सुटला असता. हा म्हणाला, "मलाच का?"

"तुमच्या गोष्टी आवडल्या असतील की त्यांना," बायको कुसुम म्हणाली.

"मला स्वतःला आवडत नाहीत. त्यांना कशा काय आवडल्या?"

तरी तो गेला. कागदाचा मोह कुणाला सुटतो?

खरा घोर वेगळाच होता. त्याचा थोरला भाऊ वसंतराव बेचाळीसच्या धामधुमीपासून फरारी होता. वॉरंट निघालं होतं. रेणापूरच्या शिवारात दगडोबा नावाच्या शेतकऱ्याकडे तो सालगडी बनून राहत होता, आणि हे घरात एकट्या रेणुकादासाला ठाऊक होतं. आता शहाण्या माणसानं अशा वेळी राजाराणीच्या गोष्टी लिहाव्यात. पण याच्या डोक्यात भावाशिवाय दुसरं काही येईच ना. मग त्यानं नाव बदललं, गाव नदीपलीकडं नेलं, नांगराच्या जागी माग आणला आणि लिहायला बसला.

शनिवारी बापूसाहेब डोळे मिटून ऐकत आणि मग विचारत. "हा माणूस रात्री झोपतो कुठं? त्याला भाकरी कोण देतं? गावात कुणाला शंका कशी येत नाही?" रेणुकादास मनात म्हणे, कथेत एवढं खोदून कुणी विचारतं का? हे तर ठाण्यातले सवाल. त्यात एके दिवशी माडीवरून खाली पाहतो तो ओसरीवर खुद्द अमीनसाहेब चहा पीत बसलेले, आणि बापूसाहेब त्यांच्याशी हसून बोलताहेत. वकिलाच्या घरी अमीन येणार नाही तर कोण येणार! पण इतका सरळ विचार करील तर तो रेणुकादास कसला? त्यानं शेवटच बदलून टाकला. पुढच्या शनिवारी त्यानं गोष्टीतल्या भावाला तापानं मारलं आणि सुटल्यासारखा श्वास घेतला.

बापूसाहेबांनी डोळे उघडले. "हे खोटं आहे. हा माणूस मेलेला नाही. तो कुठं आहे ते तुला पक्कं माहीत आहे. तेवढं लिहून आण."

दुसऱ्या दिवशी उजाडताच, कुणाला न सांगता, रेणुकादासानं रेणापूर गाठायला गाडी धरली.

वसंतराव गोठ्यात वैरण टाकत होता. अंगानं भरला होता, रापला होता. जायचं नाव काढताच तो अडून बसला.

"कशाला हलवून राहिलात मास्तर?" दगडोबा म्हणाला. "हितं कुणालाच पत्ता न्हाई. लई बेस हाय त्यांचं."

पण रेणुकादासानं भावाचे पाय धरले, रडला, उद्या इथं पोलीस येतील म्हणून शपथ घातली. शेवटी वसंतराव निघाला. दगडोबानं वाटेसाठी पायलीभर ज्वारी बांधून दिली, आणि तिनंच घात केला. परवान्याशिवाय धान्य हलवायला बंदी होती. नाक्यावर गाठोडं सोडायला लावलं. शिपायानं सहज विचारलं, कुठले, कुठं निघालात. रेणुकादासानं एक हकिकत रचून सांगितली, वसंतरावानं दुसरी. दोन भाऊ, दोन गावं. ठाण्यात नेल्यावर वॉरंट उघडं पडायला वेळ लागला नाही. रेणुकादास जबाबावर सुटला, वसंतराव अडकला.

वसंतरावाच्या बाजूनं खटला बापूसाहेबांनी आपणहून चालवला. तेव्हाही रेणुकादासाला वाटलं, यात यांचा काय डाव? न राहवून त्यानं विचारलंच, "तुम्ही मला खोदून का विचारत होतात?"

बापूसाहेब गोंधळून पाहत राहिले. "अरे, भाऊ मेला असं वाचलंस, पण तुझा आवाज जरासुद्धा हलला नाही. म्हणून म्हटलं, शेवट फसला. नव्या लेखकाला हे कुणीतरी सांगायला नको का?" मग त्यांच्या ध्यानात आलं. चष्मा काढून ते बराच वेळ पुसत बसले. रेणुकादासाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

वसंतरावाला सक्तमजुरी झाली. तुरुंगातल्या पहिल्या भेटीत तो गजांपाशी आला. वाळला होता, पण राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर, नुसतं नवल होतं.

"एक समजत नाही बघ," तो म्हणाला. "मी तिथं आहे ही खबर फुटली, असं तुला सांगितलं कुणी?"

"कुणीच नाही, दादा," रेणुकादास म्हणाला, आणि ते खरंच होतं.